गांडुळांना हवे कुजके अन्न आणि अंधार

विकत आणलेली गांडुळे वाफ्यात सोडली, की काही दिवसांतच ती मरतात किंवा बाहेर पडतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी गांडुळांना दोष देण्याआधी त्यांचे अन्न आणि वाफ्यावरील उजेड तपासावा.

प्रकाश : गांडुळाला डोळे नसतात, परंतु त्याच्या त्वचेत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. उजेड पडताच ते खाणे सोडून खाली जाते. गांडूळ ओलसर त्वचेतून श्वसन करते. उन्हात त्वचा सुकली, की ते मरते. म्हणून वाफा छपराखाली करावा व त्यावर ओले गोणपाट अंथरावे. अंधार व ओल राहिल्यास गांडुळे वरच्या थरातही खातात.

अन्न : ताजे शेण वापरू नये. ते कुजताना उष्णता व अमोनिया वायू तयार होतो आणि गांडुळे मरतात. शेण व काडीकचरा १५ ते २० दिवस पाणी मारून अर्धवट कुजू द्यावा. ढिगात हात घालून पाहावा. गरम लागल्यास गांडुळे सोडू नयेत. उसाचे पाचट, गव्हाचे काड यांत नत्र कमी असल्याने ते सावकाश कुजते. त्यात शेण व गिरिपुष्पाचा कोवळा पाला मिसळावा. खारट, तेलकट खरकटे टाकू नये.

खत काढणे : गांडुळांच्या याच सवयीचा खत काढताना उपयोग होतो. दोन-तीन दिवस आधी पाणी बंद करावे. सावलीत, पण उजेडात, ताडपत्रीवर खताचे शंकूसारखे ढीग करावेत. काही तासांत गांडुळे तळाशी जातात. वरचे खत हाताने काढून घ्यावे. खुरपे वापरू नये.

शेतातील गांडुळे : वाफ्यातील आयसेनिया फेटिडा ही जात कुजणाऱ्या कचऱ्यात राहणारी आहे. उघड्या रानात सोडल्यास ती टिकत नाही, खर्च मात्र वाया जातो. रानातील स्थानिक गांडुळे वाढवावयाची असतील, तर पाचट जाळू नये. सरीत पसरलेले पाचट जमिनीवर सावली धरते, ओल टिकवते आणि कुजल्यावर गांडुळांचे अन्न होते. पाचट पेटविले, की अन्न व आडोसा दोन्ही एकदमच जातात.

तेव्हा गांडुळे विकत घेण्यापूर्वी अन्न आणि सावली यांची सोय करावी.