एकट्याची भटकंती: मळवलीपासून हिमालयापर्यंत

डोंगरात सोबती चार कामे करतो. आपण कुठे आहोत हे त्याला माहीत असते. आपला निर्णय चुकत असेल तर तो अडवतो. अपघात झाला तर मदत आणतो आणि प्रकृती बिघडू लागली तर आपल्याआधी ओळखतो. एकट्याने निघणाऱ्याला ही चारही कामे दुसऱ्या मार्गाने भागवावी लागतात. पहिल्या तीन कामांची तजवीज निघण्यापूर्वी करता येते. चौथे सह्याद्रीत बऱ्याच अंशी स्वतः करता येते, पण ३,००० मीटरच्या वर ते एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही, कारण विरळ हवा विचारशक्तीवरच परिणाम करू शकते. म्हणून पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या भटक्यासाठी नियम असा: सह्याद्रीत एकट्याने फिरायला शिकावे, हिमालयात एकट्याने प्रवासही करावा, पण उंच शिखर संघाबरोबरच चढावे.

जवळचे डोंगर, चढत्या क्रमाने

सुरुवातीला वाट ठळक, माणसांची ये-जा आणि पायथ्याला गाव असलेला डोंगर निवडावा. निगडी-देहूरोडकरांना शेलारवाडीची घोरावडेश्वर लेणी आणि इंदोरीजवळचा भंडारा डोंगर, तर चाकणकरांना भामचंद्र डोंगर सकाळच्या दोन-तीन तासांत करता येतो. इथे आपली चाल समजून घ्यावी. चढाला किती वेळ लागतो, तासाला पाणी किती लागते, गुडघे कोणत्या उतारावर कुरकुरतात, याची नोंद पुढे प्रत्येक बेत आखताना उपयोगी पडते.

पहिला किल्ला म्हणून लोहगड उत्तम. पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डीहून लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरावे. तिथून भाजे गाव, आणि गावातून चढणारी वाट गायमुख खिंडीत येते. खिंडीच्या एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. लोहगडाला पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे दरवाजे एकामागून एक लागतात, त्यामुळे वाट चुकण्याची भीती जवळपास नाही. विंचूकाट्याकडे जाताना मात्र एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. पावसात किंवा जोराच्या वाऱ्यात एकट्याने तो टाळावा. विसापूर शेजारीच असला तरी त्याचा माथा विस्तीर्ण आहे आणि धुक्यात उतरायची जागा सापडत नाही. म्हणून तो लोहगडानंतर आणि स्वच्छ हवेत करावा.

दुसऱ्या टप्प्यावर तिकोना, तुंग, कोरीगड आणि लोणावळ्याहून लांब चालीचा राजमाची येतो. चाकण, राजगुरुनगर भागातून पुणे-नाशिक महामार्गाने जुन्नर गाठणाऱ्यांना शिवनेरी, चावंड आणि हडसर सोयीचे. शिवनेरीवर एकट्याने जाताना सात दरवाजांचीच वाट धरावी, साखळीची नव्हे.

तिसऱ्या टप्प्यावर राजगड, तोरणा (१,४०३ मीटर), हरिश्चंद्रगड (१,४२४ मीटर) आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर). हे डोंगर पहिल्यांदा सोबतीने आणि नंतरच एकट्याने करावेत. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी आहे. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आणि रानातून आहे, त्यामुळे एकट्याने तिथे अंधारात अडकू नये. कळसूबाईच्या शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात, तेव्हा मधल्या वारी गेलेले बरे.

काही ठिकाणे एकट्यासाठी नाहीतच. लिंगाणा, अलंग-मदन-कुलंग, जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका आणि नागफणीची कातळभिंत इथे दोर, तो धरणारा जोडीदार आणि प्रशिक्षित नेता लागतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाटही याच यादीत धरावी.

घरी ठेवायची चिठ्ठी

सोबत्याच्या पहिल्या तीन कामांची तजवीज एका चिठ्ठीने होते. ती घरी किंवा विश्वासू मित्राकडे लिहून द्यावी, नुसती तोंडी सांगू नये. नमुना असा: “लोहगड. आकुर्डीहून सकाळची लोकल, मळवली, भाजे, गायमुख खिंड. त्याच वाटेने परत. कुठेही असलो तरी दुपारी १ वाजता मागे फिरणार. संध्याकाळी ५ पर्यंत फोन येईल. ७ पर्यंत न आल्यास ११२ ला कळवावे.” अंगावरच्या कपड्यांचा आणि सॅकचा रंग, रक्तगट आणि गाडीने जात असल्यास गाडीचा नंबर खाली लिहावा.

यात मागे फिरण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. ती घरी, शांत डोक्याने ठरलेली असते, म्हणून माथा अर्ध्या तासावर दिसत असताना होणारा मोह ती अडवते. वाटेत बेत बदलला तर बदल फोनवर कळवूनच नवी वाट धरावी. चिठ्ठीत न लिहिलेल्या दरीत शोधपथक पोहोचत नाही.

मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. मावळ-लोणावळा भागात ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक अनेक वर्षे बचावकार्य करीत आले आहेत, आणि राज्यभरातल्या अशा पथकांचा समन्वय ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’ करते. त्यांचे चालू क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये आणि कागदावरही नोंदवावेत. पायथ्याच्या गावात एखाद्या घरी किंवा हॉटेलात आपण एकटे वर जात आहोत हे सांगावे, आणि उतरल्यावर पुन्हा तिथे तोंड दाखवावे.

शिफ्ट, झोप आणि रस्ता

या पट्ट्यातल्या भटक्याचा मोठा शत्रू अपुरी झोप हा आहे. नाइट शिफ्ट संपवून थेट मळवली किंवा जुन्नर गाठण्याचा बेत अनेकजण आखतात. चढाई उत्साहात होऊन जाते, पण दुपारच्या उतारावर थकलेला पाय दगा देतो आणि परतीच्या प्रवासात दुचाकीवर डुलकी लागते. नाइटनंतर पूर्ण झोप झाल्याशिवाय एकट्याने डोंगर करू नये. शिफ्ट बदलण्याच्या आठवड्यात झोपेचे चक्र विस्कटलेले असते, तेव्हा जवळची टेकडी पुरे.

गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असणाऱ्यांना रिकाम्या वाटा मिळतात. रविवारी लोहगडावर आपोआप मिळणारी सोबत त्यांना नसते, म्हणून चिठ्ठीची शिस्त त्यांनी अधिक काटेकोर पाळावी. तळेगाव-चाकण रस्त्यावर आणि चाकण चौकात कंटेनरची गर्दी असते, तेव्हा पहाटेच बाहेर पडावे. कंपनीचे सेफ्टी शूज डोंगरावर वापरू नयेत. त्यांचे पोलादी टोक उतारावर बोटांना घासते आणि वजनाने पाय लवकर थकतो. तळाला खोल खाचा असलेले, आधी घरी वापरून सैलावलेले ट्रेकिंगचे बूट घ्यावेत.

ऋतू आणि धोके

एकट्यासाठी सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर सह्याद्री सुंदर असतो, पण काळा कातळ शेवाळाने निसरडा होतो आणि वरच्या पठारावर पाऊस पडला की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. फुगलेला ओढा एकट्याने ओलांडू नये, पाणी उतरेपर्यंत थांबावे. धबधबे, धरणे आणि किल्ल्यांसाठी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते. ते त्या आठवड्यात पाहून घ्यावेत. मार्च ते मे या काळात उन्हाच्या आत, सकाळी दहापर्यंत, उतरायला लागावे.

कड्याकपारींत आग्या मोहोळ असते. अत्तर, डिओडरंट, धूर आणि आरडाओरडा तिथे टाळावा. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळावे. पालापाचोळ्यात आणि दगडांखाली फुरसे, घोणस असू शकतात, म्हणून न पाहता हात घालू नये. सर्पदंश झाल्यास चिरा देणे किंवा आवळपट्टी बांधणे टाळावे, दंशाचा अवयव स्थिर ठेवावा आणि मदत मागवून तातडीने रुग्णालय गाठावे.

सॅक

एका दिवसासाठी किमान तीन लिटर पाणी लागते. गडावरच्या टाक्यातले पाणी पिण्याजोगे असेलच असे धरून चालू नये. हेडलॅम्प आणि जादा सेल, शिट्टी, पॉवर बँक, फोनमध्ये आधीच उतरवलेला नकाशा, ओआरएस, क्रेप बँडेज, पावसाळी जॅकेट, एक कोरडा टी-शर्ट आणि पोटाला आधार देणारा जादा खाऊ घ्यावा. चपाती-चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की उत्तम. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांधलेली असावी. पाय मुरगळून पडलेल्या माणसाला सॅकच्या तळापर्यंत हात पोहोचवता येत नाही.

हिमालय: उंचीचा हिशेब

पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत आहे, आणि कळसूबाईवरही विरळ हवेचा त्रास होत नाही. सह्याद्री दम, पायांची ताकद आणि कातळावरचा तोल देतो, उंचीची सवय मात्र देत नाही. सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो आणि ५,५०० मीटरवर तो निम्मा होतो. शिवाय दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते.

साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही विरळ हवेच्या आजाराची लक्षणे दिसू शकतात. त्रास तरुण आणि धडधाकट माणसालाही होतो. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. विमानाने लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे. लक्षणे असताना वर चढू नये आणि ती वाढली तर रात्र असली तरी खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे आणि सतत खोकला हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचे, तर तोल जाणे आणि असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण आहे. दोन्ही जिवावर बेततात. अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, आणि त्यांना उतरण्याचा पर्याय समजू नये.

तोल जाणारा माणूस आपण ठीक आहोत असेच सांगत राहतो. त्याला हात धरून खाली नेणारा कोणीतरी लागतो. म्हणून एकट्याने हिमालयात जायचे तर बसने, गावागावांत मुक्काम करत जावे. लेहमधले मुक्काम किंवा चोपत्याहून तुंगनाथ (सुमारे ३,६८० मीटर) अशा माणसांच्या वाटा निवडाव्यात. हिमनदी, बर्फाचा उतार आणि निर्जन खिंडी स्थानिक वाटाड्या आणि गटाबरोबरच कराव्यात.

शिखर: प्रशिक्षण आणि संघ

हिमशिखरांची वाट प्रशिक्षणातून जाते. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (१९६५) इथे सुमारे चार आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम असतो. त्यात ‘ए’ श्रेणी मिळवणाऱ्याला प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. प्रवास धरून पाच आठवड्यांची रजा लागते, म्हणून नोकरदाराने पीएल वर्षभर आधीपासून साठवावी. त्यापूर्वीचे धडे पुण्याची गिरिप्रेमी किंवा भोसरीची सागरमाथा गिर्यारोहण संस्था अशा ठिकाणी घेता येतात. शिखर मोहिमेसाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी आधी पाहावी.

मराठी गिर्यारोहकांचे मोठे यश संघाचे आहे. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीची नागरी मोहीम २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचली आणि २०१९ मध्ये संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजुंगावर उभे राहिले. एकट्याने चढाईचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राइनहोल्ड मेसनरचे. २० ऑगस्ट १९८० रोजी तो कृत्रिम प्राणवायूशिवाय एकटाच एव्हरेस्टवर पोहोचला. पण त्याआधी १९७८ मध्ये तो तेच शिखर पीटर हाबेलरबरोबर प्राणवायूशिवाय चढला होता आणि त्यामागे लहानपणापासूनची चढाई होती. नेपाळने २०१७ च्या अखेरीस आपल्या शिखरांवरील एकट्याच्या चढाईला नियमाने बंदी घातली.

या पट्ट्यातल्या नवख्याने क्रम असा ठेवावा: पहिल्या हंगामात टेकड्या आणि लोहगड, पुढच्या हंगामात जुन्नर-मावळचे किल्ले, मग सोबतीने केलेले मोठे गड एकट्याने. त्यानंतर हिमालयात गटाबरोबर एक मध्यम उंचीचा ट्रेक, मूलभूत अभ्यासक्रम, आणि शेवटी संघाबरोबर शिखर. प्रत्येक पायरीवर चिठ्ठी, परतीची ठरलेली वेळ आणि पुरेशी झोप या तीन गोष्टी पाळल्या असतील, तरच पुढच्या पायरीचा विचार करावा.