बोटाची जखम भरत नाही? आधी बिडी विझवा



वस्तीत फिरताना आम्हाला एक तक्रार वारंवार ऐकू येते. तिशी-पस्तिशीचा कष्टकरी माणूस, थोडे चालला की तळपायात, पोटरीत गोळा येतो. थांबला की बरे वाटते. घरचे म्हणतात, कामाचा शीण आहे. पुढे पाय गार पडतो, बोट निळे-काळे दिसते. रात्री इतकी कळ येते की तो पाय खाटेखाली सोडून बसून राहतो. मग बोटाला जखम होते आणि मलमपट्टी करूनही भरत नाही. साखर तपासली तर ठीक निघते. बिडीबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

हा बर्जर्स डिसीज असू शकतो. १९०८ साली न्यूयॉर्कचे डॉ. लिओ बर्जर यांनी कापलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तंबाखूमुळे हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. रक्त पोहोचले नाही की बोट सडते. हा आजार बहुधा पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना होतो. तंबाखू घेणाऱ्या स्त्रियाही सुटत नाहीत.

यावर खरा उपाय एकच: तंबाखू पूर्ण बंद. बंडलावरून दोन बिड्यांवर आलो, हे पुरेसे नाही. बिडी सोडून खर्रा, मशेरी धरली तरी धोका राहतोच. निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्टीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. बोट सडण्याआधी तंबाखू सोडणाऱ्या बहुतेकांचा पाय वाचतो. ओढत राहणाऱ्याचे आधी बोट जाते, मग पाऊल, मग पाय. ऑपरेशन झाले तरी बिडी चालू असेल तर आजार थांबत नाही.

घरी काय पाळावे?

• गरम पाण्याने शेकू नका; रक्त कमी असलेली कातडी लगेच भाजते.
• अनवाणी चालू नका. कुरूप ब्लेडने कापू नका.
• पाय कोरडा, उबदार ठेवा. रोज बोटांच्या बेचक्या पाहा.
• बोट काळे पडले, जखम भरेना किंवा रात्री कळ येऊ लागली तर सरकारी रुग्णालयात सर्जनला दाखवा. पायाची नाडी आणि डॉपलर तपासणी करायला सांगा. बिडी, तंबाखू किती घेता ते लपवू नका.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

भगिनींनो, घरच्या माणसाला टोमणे मारून बिडी सुटत नाही. तलफ येते तेव्हा सोबत बसा, पाणी द्या, बोलते करा. विहारात आपण पाचवे शील घेतो, ते व्यसनापासून दूर राहण्यासाठी. दारू सोडली पण खिशात बंडल राहिले, तर ते शील अर्धेच पाळले असे आम्ही मानतो. ज्याच्या पायावर घर उभे आहे, त्याचा पाय वाचवणे हे घरातल्या सगळ्यांचेच काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!