रविवारचा धडा : लाच आणि लेकरांची शाळा

शास्त्रभाग : १ शमुवेल ८:१-५, १२:१-५, प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७.

धड्याचा उद्देश : लाच नाकारल्याने जो तोटा होतो तो एकट्याने नव्हे, तर सर्व मंडळीने मिळून सोसावा, हे शिकणे.

१. शमुवेल व त्याचे पुत्र. वृद्धपणी शमुवेलाने आपले पुत्र योएल व अबीया ह्यांस बैरशेबा येथे न्यायाधीश नेमिले. ते द्रव्यलोभास वश होऊन लाच घेऊ लागले. तेणेकरून लोकांचा विश्वास त्या दोघांवरूनच नव्हे, तर न्यायाधीशांच्या सगळ्या व्यवस्थेवरूनच उडाला, व त्यांनी राजा मागितला. उलटपक्षी शमुवेलाने सर्वांसमोर उभे राहून, मी कोणाचा बैल किंवा गाढव घेतले असेल, कोणाकडून लाच घेतली असेल, तर सांगा, असे विचारिले; तेव्हा कोणासही बोट दाखविता आले नाही. अधिकाऱ्याची खरी पदवी ती हीच.

२. आपल्या प्रांतातील दाखले. सन २०१८ च्या जून महिन्यात कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या एका अतिरिक्त आयुक्तांस बांधकामाच्या प्रकरणी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. शाळाखातेही ह्या रोगापासून मुक्त नाही. सन २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिक जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांविरुद्ध आठ लाख रुपयांच्या लाचेची कारवाई झाली. शाळांच्या अनुदानाचा तो विषय होता, व सापळा ठाण्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक पथकाने रचिला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांस अटक झाली, आणि सन २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक परीक्षार्थींवर परिषदेने कारवाई केली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पुष्कळ अधिकारी प्रामाणिकपणे काम करितात, हेही विसरू नये.

परंतु ही रक्कम शेवटी कोण भरितो, ह्याचा विचार करा. अनुदान, नेमणूक, बदली ह्या सर्वांस वरिष्ठांची सही लागते. सही विकत मिळू लागली म्हणजे संस्था तो पैसा शिक्षकाकडून काढिते, शिक्षक तो कर्ज काढून देतो, आणि मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील गरिबाच्या लेकरास अभ्यासाने नव्हे, तर पैशाने जागा मिळविलेला गुरुजी लाभतो. ज्याने काहीच दिले नाही, त्या लेकराचेच सर्वांत मोठे नुकसान होते.

३. कायद्याची आज्ञा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सन १९८८ चा असून सन २०१८ मध्ये त्यात सुधारणा झाली. आता लाच घेणाऱ्याप्रमाणे देणाऱ्यासही शिक्षा आहे. मात्र ज्यास बळजबरीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागास कळविले, तर तो त्या शिक्षेस पात्र होत नाही. विभागाचा विनामूल्य दूरध्वनी १०६४ हा आहे. तसेच सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही लेकरास प्रवेश नाकारिता येत नाही. उपदेशकांनी ही माहिती घरोघरी सांगावी. कारण जो आपला हक्क जाणत नाही, त्याच्याकडून पैसे काढणे सोपे असते.

४. पौलाची दोन वर्षे. पौल मंडळ्यांचा दानधर्म घेऊन यरुशलेमेस आला होता, हे सुभेदार फेलिक्साने ऐकले होते. म्हणून पैशाच्या आशेने तो त्यास वारंवार बोलावी. पौलाने काही दिले नाही, आणि त्यास दोन वर्षे बंदीत राहावे लागले. लाच न दिल्यास काम लगेच होईल, असे अभिवचन शास्त्रात कोठेही नाही. पुष्कळदा कागद अडतो, फेऱ्या पडतात, पगार थांबतो. परंतु पौलाच्या स्नेह्यांस त्याची सेवा करण्याची मोकळीक होती, हे तेविसाव्या वचनावरून दिसते. आपले कर्तव्य तेथेच आहे. ज्या बंधूचा कागद अडला असेल, त्याच्याबरोबर कचेरीत जावे, अर्ज लिहून द्यावा, पोच घ्यावी, आणि पगार अडलेल्या शिक्षकाच्या घरी धान्य पोहोचवावे. “देऊन मोकळे व्हा,” असा सल्ला देणारी मंडळी त्यास एकटे सोडिते.

विचारण्याचे प्रश्न :

१. शमुवेलाच्या पुत्रांच्या पापाचा परिणाम सर्व लोकांवर कसा झाला?
२. पौलाने कोणती किंमत दिली, व कोणती दिली नाही?
३. आपल्या मंडळीत लाच न दिल्यामुळे कोणाचे काम अडले आहे काय? ह्या आठवड्यात आपण त्याच्यासाठी काय करणार?

प्रार्थना : हे प्रभो, अधिकाऱ्यांस न्यायाची आवड दे, आम्हांस धीर दे, आणि जो सत्यासाठी तोटा सोसतो त्याचे ओझे वाहण्यास आम्हां सर्वांस तयार कर. आमेन.