भात कमी करण्याआधी

वजन शंभरीच्या पुढे गेलं होतं आणि मधुमेहाची गोळी सुरू झाली होती. घर विरारचं, त्यामुळे दोन्ही वेळा भात, जोडीला तांदळाची भाकरी आणि संध्याकाळी परतीच्या लोकलआधी वडापाव. कर्बोदकं कमी केल्यावर माझं वजन वीस किलोहून अधिक उतरलं आणि ते उतरलेलंच राहिलं. याच वाटेने निघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: भात काढायच्या आधी ताटात त्याच्या जागी काय येणार, ते ठरवा.

१. पण त्याहीआधी औषधांचं बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकाएकी भात-भाकरी तोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांचा धोका निराळा. कर्बोदकं फार कमी झाली, की रक्तात कीटोन साठून आम्लता वाढू शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही हे घडतं. रक्तदाबाच्या गोळीचाही डोस बदलावा लागू शकतो. माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच गोळी कमी केली आणि घरी ग्लुकोमीटर आणायला लावला. गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये.

२. दीक्षित डाएट म्हणजे लो-कार्ब नव्हे. आपल्याकडे दोन्हींची सर्रास गल्लत होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जी पद्धत घरोघरी पोहोचवली, तिचा भर दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर आहे. लो-कार्बमध्ये घड्याळापेक्षा ताटाकडे बघायचं असतं. ही कल्पना जुनी आहे; लंडनच्या विल्यम बँटिंगने पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. दोन्ही पद्धती एकदम सुरू केलेली माणसं मी थकून सोडून देताना पाहिली आहेत.

३. आता ताट. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत ७० च्या आसपास. म्हणजे भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तर चोथा जास्त मिळतो, पण कर्बोदकं फारशी घटत नाहीत. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरेल, ही आशा सोडा. दही, ताक, शेंगदाणे आणि लाल भोपळ्याच्या भाजीवरही उपवास निभतो. भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, असं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत दिसलं. कमी काय आहे, ते उघड आहे: प्रथिनं.

आणि त्या बाबतीत विरारकर भाग्यवान. अर्नाळ्याच्या कोळणी बाजारात बोंबील, मांदेली, बांगडे, कोळंबी घेऊन बसतात. माशात कर्बोदकं जवळपास नसतात. फक्त तळताना रवा आणि तांदळाचं पीठ लावू नका. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ पुरतं. बोंबील मात्र आधी दाबून पाणी काढून घ्या, नाहीतर तव्यावर विरघळतो. कालवण वाटीत घेऊन, त्यातलं म्हावरं, म्हणजे मासे, जास्त घेऊन खायचं, जोडीला वसईच्या वाड्यांतली पालेभाजी, दुधी, शिराळं, वांगं. मासळी महाग असेल तेव्हा सुका जवळा आणि अंडी. शाकाहारी घरात पनीर, दही, सोयाबीन, मोडाची मटकी. डाळीतही कर्बोदकं बरीच असतात, पण प्रथिनंही असतात म्हणून ती सोडू नका; घट्ट करा आणि भाताविना खा. आपल्या भागातली केळी आणि सुकेळी मात्र मला कमी करावी लागली, आणि ते जड गेलं.

४. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. ते बहुतांशी पाणी असतं. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेल्या साखरेबरोबर तिच्या तिपटीच्या आसपास पाणी साठलेलं असतं आणि साठा संपला की तेही जातं. सोबत मीठही जातं, म्हणून डोकं दुखतं, उठताना भोवळ येते. डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केलं नसेल तर मीठ घातलेलं ताक प्या. पुढे काटा मंदावला तरी घाबरू नका. फार वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

५. डब्यात दोन उकडलेली अंडी आणि मूठभर शेंगदाणे जास्तीचे ठेवा. चर्चगेटहून विरार सुमारे दीड तास. त्या प्रवासात लागलेली भूक घरी आल्यावर भाताच्या टोपावर निघते.

६. विरारच्या जीवदानी मंदिराच्या तेराशेहून अधिक पायऱ्या वजन भरपूर असताना लगेच चढू-उतरू नका. उतरताना गुडघ्यांवर फार भार येतो. आधी सपाटीवर चाला, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करा. वजनाबरोबर स्नायूही घटतात, ते या व्यायामाने आणि प्रथिनांनी टिकतात.

७. भात कायमचा सोडायची गरज नाही. अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लो-कार्ब आणि लो-फॅट दोन्ही गटांत सरासरी पाच-सहा किलोच घटले. दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. लो-कार्बमध्ये जादू नाही. मला ते जमलं, कारण इथली मासळी आणि भाजी मला आयुष्यभर खाता येणार आहे. रविवारी मी वाडा कोलमचा थोडा भात घेते आणि तो आनंदाने खाते. तुमच्या घरात कुणी हे सुरू करत असेल, तर कृपा करून त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका. सगळ्यांना तेच कालवण, तीच भाजी करा आणि त्याच्या ताटात म्हावरं आणि भाजी थोडी जास्त वाढा.