निरगुडीच्या फोकांचा मनोरा

निरगुडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ओढ्याकाठी, नदीकाठी, बांधावर ती आपोआप वाढते. पाल्याला उग्र वास असतो, म्हणून गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. गुडघे दुखले की आजी तो पाला गरम करून शेकते. पण तिच्या लांब सरळ फोकांपासून पूर्वी पाट्या, कोंबड्या झाकायची डालगी आणि धान्याच्या कणग्या विणत असत, हे मला यंदाच समजले. ते भोसरीच्या आजोबांनी मला शिकवले.

आजोबा लहानपणी त्यांच्या वडिलांशेजारी बसून शिकले. १९७० साली भोसरी पिंपरी-चिंचवड नगरपालिकेत गेली. कारखाने वाढले, आजोबाही कारखान्यात लागले. घरोघरी प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. मग फोक कोण तोडणार? आता दर रविवारी मी इंद्रायणीकाठच्या फोकांची मोळी घेऊन त्यांच्याकडे जातो. बसमध्ये सगळे विचारतात, “बाळ, कुणाला मारायला नेतोस?”

परदेशात असे काम विलो नावाच्या झाडाच्या फोकांनी करतात आणि बागेत शोभेसाठी हरणे, गोळे, मनोरे उभे करतात. क्रिकेटची बॅट त्याच झाडाची. काश्मीरच्या कांगडीत मातीच्या भांड्याभोवती विलोचेच विणकाम असते. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडेही नदीकाठी असतो, त्याला वाळुंज म्हणतात. बुरूड लोक बांबूचे काम करतात, पण बांबू चिरून पट्ट्या काढाव्या लागतात. फोक आहे तसा चालतो, म्हणून आपल्याला तो सोपा.

आम्ही शाळेच्या बागेसाठी वेल चढवायचा मनोरा केला. त्याची रीत सांगतो.

फोक बोटाएवढे जाड व सरळ घ्यावेत. तोडताना खोड मुळासकट उपटू नये. वीतभर ठेवून तोडले तर पुन्हा धुमारे फुटतात. पाला काढून फोक दोन-तीन दिवस सावलीत ठेवावेत. अगदी ओले विणले तर सुकल्यावर वीण ढिली पडते. फार सुकले तर मोडतात, मग पाण्यात भिजत घालावे लागतात.

जमिनीवर ६३ सेंमी व्यासाचे वर्तुळ काढले. परीघ आला १९८ सेंमी. वर्तुळावरून सुतळी फिरवली, तिची तीन घडी केली, पुन्हा तीन घडी केली. झाले नऊ भाग, प्रत्येक २२ सेंमीचा. प्रत्येक खुणेवर पुरुषभर उंचीचा एकेक जाड फोक रोवला, बुडखा खाली.

नऊच का? हे मला फार आवडले. विणताना फोक एका खुंटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून जातो. खुंट नऊ असले की दुसऱ्या फेरीत जिथे पुढून गेला होता तिथे आपोआप मागून जातो, आणि खुंट दोन्ही बाजूंनी आवळला जातो. आठ घेतले तर दुसरी फेरी पहिल्यासारखीच पडते आणि वीण बसतच नाही. म्हणजे विषम संख्या पाहिजे. मनोऱ्याच्या विणीत एकही खिळा नाही. वाकवलेला फोक सरळ व्हायला बघतो, त्याच जोरावर सगळे टिकते.

जोड देताना आजोबा म्हणतात, “बुडख्याला बुडखा, शेंड्याला शेंडा. नायतर एका अंगाला जाड, एका अंगाला बारीक व्हतंय.” चार फेऱ्या झाल्या की फळीने ठोकून खाली दाबावे. वीतभर विणून हातभर मोकळे सोडावे, पुन्हा वीतभर विणावे. असे तीन पट्टे झाले की वरचे शेंडे एकत्र ओढून सुतळीने बांधावेत. पुष्कळांना एकदम मोर करायचा असतो. माझे मत, आधी मनोरा.

पाटीचा काठ बांधणे मात्र मी अजून शिकलेलो नाही. तिथे शेंडे पिळून एकमेकांत खोवतात. आजोबांच्या बोटांत आता पीळ घालायचा जोर राहिला नाही. ते तोंडाने सांगतात, पण नुसते ऐकून ते कळत नाही. त्यांच्या आळीत काठ बांधणारे दुसरे कोणी उरलेले नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे. कोणाच्या माळ्यावर किंवा गोठ्यात फोकांची जुनी पाटी, डालगे पडले असेल तर ते चुलीत घालू नये. मोडके असले तरी चालेल, काठ शाबूत पाहिजे. गुरुजींकडे आणून द्यावे. आम्ही काठ एकेक फोक करून उलगडणार आहोत आणि आजोबांना शेजारी बसवून पुन्हा बांधणार आहोत.