पदवी आणि हप्ता

तुमच्यापैकी काहींना इंग्रजीचा तास फार आवडतो. पुढे इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करावे, असेही मनात येत असेल. मग घरात कोणीतरी विचारतेच, "ते शिकून पोट भरेल का?" या प्रश्नाचा राग मानू नका. प्रश्न योग्य आहे. त्याचा हिशेब कसा करायचा, ते आज पाहू.

गेल्या वर्षी आपल्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन माझ्याकडे आली. ती बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. अब्बा किराडपुऱ्यात राहतात, रिक्षा चालवतात. मुलीला इंग्रजी साहित्यच शिकायचे होते आणि तेही पुण्याच्या एका खाजगी संस्थेत. तीन वर्षांची फी, वसतिगृह व खानावळ मिळून चार लाख रुपये लागणार होते.

"सर, बँक कर्ज देते म्हणतात. सही करू का? तुम्हीच सांगा," अब्बा म्हणाले.

मी वहीचे एक पान फाडले. चार लाखांचे कर्ज, व्याज दहा टक्के, फेड पाच वर्षांत, असे धरले. महिन्याचा हप्ता सुमारे ८,५०० रुपये आला. साठ हप्त्यांचे मिळून ५,१०,००० रुपये होतात. शिवाय शिकत असतानाही व्याज चढतच असते, ते वेगळे. एवढ्या रकमेच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा काही गहाण मागत नाहीत. पण मुलांबरोबर आईवडिलांची सही घेतात. म्हणजे कर्जदार दोघेही.

आता कमाईची बाजू पाहा. नुसत्या बी.ए.वर शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी बी.एड. हवे आणि ते २०१५ पासून दोन वर्षांचे आहे. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षे गेली. अनुदानित माध्यमिक शाळेत नेमणूक झाली, तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. २०२३ पासून त्याचे मानधन महिना १८,००० रुपये आहे. त्यातून ८,५०० रुपये हप्ता गेला, तर हाती ९,५०० उरतात. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी मिळते व चित्र पालटते. पण जागा निघायला हव्यात, आणि त्या दरवर्षी निघतात असे नाही.

आणखी एक अडचण ध्यानात घ्या. कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. बँकेशी आधी बोलून ठेवले नाही, तर बी.एड. चालू असतानाच हप्ता दारात उभा राहतो!

मुलीचा चेहरा उतरला. तेव्हा मी पान उलटले.

निजामाच्या काळात आपल्या भागातील बहुतेक मुलांना पदवीसाठी हैदराबादला जावे लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने येथे मिलिंद महाविद्यालय काढले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तर १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. याच शहरात मिलिंदमध्ये डॉ. म. ना. वानखेडे इंग्रजी शिकवीत. विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे भालचंद्र नेमाडे हे मराठीचे मोठे कादंबरीकार; त्यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. अशा शहरात घरी राहून इंग्रजी शिकता येते. खोलीचे भाडे नाही, खानावळ नाही. अनुदानित महाविद्यालयाची फी खाजगी संस्थेच्या मानाने पुष्कळ कमी असते. पदवी मात्र बी.ए.चीच मिळते.

माझेच सांगतो. मी येथेच इंग्रजी घेऊन बी.ए. केले. आमच्या घरी सूद देण्याचे कर्ज चालत नाही, म्हणून बी.एड.ची फी मामूंकडून उसनी घेतली. पुढे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. शिकवण्यात आनंद होता, पण पैसे पाच-पाच महिने उशिरा मिळत. मामू कधी बोलले नाहीत. तरी ईदला त्यांच्या घरी जाताना पाय जड होत. शिकवण्या करून चार वर्षांत पैसे फिटले. कर्ज नातेवाइकाचे असले तरी त्याला वजन असतेच.

ही पदवी फक्त शिक्षकाच्याच कामाची आहे, असेही समजू नका. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत समजावून सांगणारे परवानाधारक मार्गदर्शक लागतात. मात्र ती कमाई हंगामी असते. ज्याला उर्दू, मराठी व इंग्रजी तिन्ही नीट लिहिता येतात, त्याला भाषांतराचे काम मिळू शकते. म्हणून तर मी तुमच्या मराठीच्या वह्या इतक्या बारकाईने तपासतो!

अब्बांनी ते पान घडी करून रिक्षाच्या कागदांत ठेवले. मुलगी काही बोलली नाही. तिला पुणेच हवे होते, हे मला दिसत होते.

मागच्या आठवड्यात ती शहागंजात भेटली. ती येथेच बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी मोहल्ल्यातील चार मुलांची शिकवणी. हातात वाचनालयातून आणलेले शेक्सपिअरचे नाटक होते.

"मग, पुणे विसरलीस का बेटा?" मी विचारले.

"नाही सर," ती हसून म्हणाली. "एम.ए.च्या वेळी बघू. शिकवणीचे पैसे मी वेगळे ठेवते."

स्वाध्याय
१. अब्बांनी सही केली असती, तर कर्जदार कोण झाले असते?
२. तीन लाखांच्या कर्जाचा याच दराने व मुदतीने हप्ता काढा. १८,००० रुपयांतून किती उरतील?
३. लेखकाचे पाय ईदच्या दिवशी जड का होत?
४. मुलीचा निर्णय तुम्हांला पटतो का? पाच-सहा वाक्यांत लिहा.