‘पोहोचलो’ एवढं सांगण्यापुरता फोन



मूल पाचवी-सहावीत गेलं की घरोघरी एक विषय निघतोच. शाळा सुटल्यावर परस्पर क्लासला जायचं असतं, कधी मैदानावरचा सराव लांबतो, कधी रिक्षावाले काका येत नाहीत, कधी पावसात बस अडकते. आई ऑफिसात, बाबा दुकानात नाहीतर शेतावर. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘आता याला फोन द्यायलाच हवा.’’ आणि त्याच संध्याकाळी कपाटातला आपला जुना टच फोन बाहेर निघतो. खर्च नाही, आणि पडून राहिलेली वस्तूही कामाला लागली!

पण तुम्हाला नेमकं काय हवं होतं, ते एकदा आठवा. मूल नीट पोहोचलं की नाही हे कळावं आणि अडचणीत त्याला तुमच्याशी बोलता यावं. दिवसाकाठी दोन-तीन मिनिटांचं काम. त्यासाठी आपण त्याच्या हातात व्हिडिओ, गेम, अनोळखी माणसं आणि जाहिराती असं सगळं गाठोडं ठेवतो, आणि महिन्याभराने ‘‘हा फोन सोडतच नाही’’ म्हणून त्याच्यावरच चिडतो.

माझं म्हणणं साधं आहे. अधूनमधून लागणाऱ्या कामाला बटनांचा साधा फोन घ्या. आणि तो मुलाचा म्हणून घेऊ नका, घराचा म्हणून घ्या.

पूर्वी बैठकीच्या खोलीतला फोन जसा कुणा एकाचा नसायचा, तसाच हा ठेवायचा. जागा ठरलेली, दाराजवळ किल्ल्या अडकवतो तिथे. ताई क्लासला निघाली की ती नेईल, पहाटे फिरायला जाताना आजोबा नेतील, सहलीला किंवा सामन्याला जाताना धाकटा नेईल. परत आला की फोन आपल्या जागी. यामुळे ‘माझा फोन’ हे भांडण सुरूच होत नाही. फोन हातात असण्याला काही निमित्त लागतं आणि ते निमित्त संपलं की फोनही खाली ठेवला जातो. शिवाय तोच फोन आजोबाही वापरतात म्हटल्यावर आपल्याला काही कमी दर्जाचं दिलंय, असं मुलाला वाटण्याचं कारण उरत नाही.

तरी कुरकुर होईलच. ‘‘सगळ्यांकडे टच आहे, मी हा डबडा नाही नेणार.’’ याला ‘‘तुझी लायकीच ती आहे’’ किंवा ‘‘आमच्या वेळी तर तेही नव्हतं’’ ही उत्तरं नकोत. मित्रांमध्ये हसं होण्याची भीती त्या वयात खरी असते, तिला खरंच मानू या. सरळ सांगा, ‘‘बाहेर असताना तुझा आवाज ऐकू यावा म्हणून हा घेतलाय. बाकी जे बघायचं, शोधायचं, ते माझ्या टच फोनवर आपण मिळून बघू.’’ आणि ते ‘मिळून बघू’ मग खरोखर पाळा. शक्य असेल तर मुलाला दुकानात बरोबर न्या, रंग त्याला निवडू द्या. स्वतः निवडलेल्या वस्तूची लाज जरा कमी वाटते.

आता दुकानात काय पाहायचं ते बोलू. हे फोन साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत येतात. नोकिया १०५ हा फोन मे २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आला, त्याच्याबरोबरचा नोकिया १०६ फोर-जी २,१९९ रुपयांना. जुलै २०२३ मध्ये आलेल्या जिओ भारतची किंमत ९९९ रुपये ठेवली होती. लावा, आयटेल यांचेही फोन याच पट्ट्यात मिळतात. दुकानदार तुमच्यापुढे आठ-दहा मॉडेल मांडेल आणि कॅमेरा, गाणी, लाल-निळे दिवे यांचं कौतुक सांगेल. तुम्ही आधी एकच विचारा, ‘‘यात कुठलं सिम चालतं?’’

बहुतेकांची फसगत इथेच होते. जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून टू-जीवर नाहीच, त्यामुळे टू-जी फोनमध्ये जिओचं सिम टाकलं तर रेंजच येत नाही. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल यांची सिमं टू-जी फोनमध्ये चालतात. जिओ भारत फोनचं उलटं आहे. त्यात फक्त जिओच चालतं. म्हणून आधी घर, शाळा आणि क्लास या तिन्ही ठिकाणी कुणाची रेंज पक्की आहे ते पाहा, मग सिम ठरवा आणि सगळ्यात शेवटी फोन. आणखी एक, घरात पडून असलेलं सिम बहुधा टच फोनसाठी बारीक कापलेलं असतं आणि साध्या फोनची खाच मोठी असते. नवीन सिम घेणार असाल तर ज्या चौकटीतून ते सुटं होतं, ती फेकू नका. जुनंच सिम वापरायचं तर दुकानातून त्याचा प्लास्टिकचा अडॅप्टर मागून घ्या.

सिम तुमच्याच नावावर असेल, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर ते मिळत नाही. हा नंबर बँकेला किंवा आधारला जोडू नका. म्हणजे त्यावर ओटीपी येणार नाही आणि उद्या फोन हरवला तरी पैशाची धाकधूक राहणार नाही. साध्या फोनवरूनही पैसे पाठवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं आणि बऱ्याच नव्या फोनच्या खोक्यावर त्याची जाहिरात असते. आजोबांचा स्वतंत्र फोन असेल तर ती सोय चांगलीच आहे. मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ती सुरूच करू नका.

खर्चाचं म्हणाल, तर फोनचे पैसे एकदा जातात, रिचार्जचे जातच राहतात. फक्त बोलण्यापुरता फोन असला तरी इंटरनेटसकट पॅक मारावा लागे, ही अनेकांची तक्रार होती. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएस असलेले पॅक देणं बंधनकारक केलं आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले तेव्हा ८४ दिवसांचे साडेचारशे-पावणेपाचशेच्या आसपास होते आणि एअरटेलचा वर्षभराचा १,८४९ रुपयांना. दर बदलत राहतात, म्हणून घेताना ‘‘फक्त बोलायचा पॅक कुठला?’’ असं मुद्दाम विचारा, आपणहून तो कुणी दाखवेलच असं नाही. थोडक्यात, वर्षाचा रिचार्ज अनेकदा फोनपेक्षा महाग पडतो. म्हणूनच प्रत्येक मुलाला वेगळा फोन घेण्यापेक्षा घराचा एकच परवडतो.

फक्त बोलायच्या पॅकचा आणखी एक फायदा आहे. फोर-जीच्या साध्या फोनमध्ये आवाज स्पष्ट येतो, पण काहींत व्हिडिओची आणि करमणुकीची सोयही भरलेली असते. पॅकमध्ये डेटाच नसला तर ती सोय घराबाहेर निपचित पडून राहते. कुलूप लावायचं ते रिचार्जला लावा, मुलाच्या मागे पहारा देत फिरावं लागणार नाही. मात्र साधा फोन म्हणजे अगदी निर्धोक, अशा भ्रमात राहू नका. मेमरी कार्डाची खाच यातही असते आणि कुणा मित्राने भरून दिलेल्या कार्डावर गाण्यांबरोबर काहीही येऊ शकतं. गाणी हवी असतील तर कार्ड घरीच भरा. कॅमेरा नसलेला फोन मिळाला तर उत्तमच. शाळेची परवानगी मात्र आधी विचारून घ्या, कित्येक शाळांत कुठलाच फोन चालत नाही.

मग कामाची वैशिष्ट्यं कोणती? मोठी, ठळक बटनं. बाहेरून पेटवता येणारा टॉर्च. रस्त्यावरही ऐकू येईल असा आवाज. काढता येणारी बॅटरी, म्हणजे दोन-तीन वर्षांनी दमली की नवी टाकता येते. साधारण १,००० एमएएचची बॅटरी या वापराला कित्येक दिवस पुरते. चार्जिंगची पिन घरातल्या चार्जरला लागते का ते पाहा, काही फोनना अजून जुनीच मायक्रो यूएसबी असते. नको ते नंबर अडवणारी यादी असेल तर फार बरं. एफएम रेडिओ आजोबांसाठी. मराठीत आलेला संदेश वाचता येतो ना, हे दुकानातच आपल्या फोनवरून एक पाठवून तपासा. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा धरतात, इंग्रजीतला १६० चा, म्हणून ‘आज काकू न्यायला येईल’ इतकंच लिहा, पुराण नको.

पैसे देण्याआधी फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल, तो खोक्यावरच्या नंबराशी जुळायला हवा. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस केला की फोन कोणत्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा ते कळतं. पावती जपून ठेवा. फोन हरवला तर याच नंबराच्या आधारे सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद पाडता येतो.

घरी आणल्यावर अर्धा तास मुलाजवळ बसा. नंबर मोजकेच भरा, तेही ‘आई’, ‘बाबा’, ‘शेजारच्या काकू’ असे. २ दाबून धरलं की आई, ३ दाबलं की बाबा, असं स्पीड डायल लावा. ५ आणि ९ मात्र मोकळे सोडा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये संकटाच्या वेळी ५ किंवा ९ चं बटन दाबून धरलं की ११२ ला फोन जावा, असा नियम आहे. तुमच्या फोनमध्ये यांतलं कुठलं बटन आहे ते पुस्तिकेत पाहून मुलाला दाखवा, गंमत म्हणून दाबून पाहू नका. दप्तरात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बटनं लॉक करायची सवय लावा. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनपासून सुटका हवी तर १९०९ वर नोंद करा. आणि तुमचे दोघांचे नंबर मुलाला तोंडपाठ असू द्या, कारण फोन बंद पडतो, हरवतो, पाण्यात पडतो.

नियमही त्याच बैठकीत ठरवा, थोडेच आणि दोन्हीकडून. पोहोचल्यावर एक मिस्ड कॉल, म्हणजे सगळं ठीक. उशीर होणार असेल तर फोन. अनोळखी नंबर उचलायचा नाही, उचललाच तर नाव-पत्ता सांगायचा नाही आणि घरी आल्यावर तसं सांगायचं. तुमच्या बाजूचा नियम असा की मुलाचा फोन आला की मीटिंगमध्ये असलात तरी उचलायचा, आणि ‘‘कुठेयस? कोण आहे बरोबर? दप्तरात डबा आहे ना?’’ असे दिवसात सात फोन करायचे नाहीत. या फोनवर नकाशातला हलणारा ठिपका दिसत नाही. काही पालकांना ही उणीव वाटेल. मला तर ती या फोनची मोठी जमेची बाजू वाटते. मूल वेळेवर आपणहून कळवतं, तुम्ही त्याच्या शब्दावर विसंबता, आणि हा विसंबण्या-पाळण्याचा सराव पाचवीत झाला तर नववीत उपयोगी पडतो.

राहता राहिली आपली, मोठ्यांची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे. त्यात लक्षात घेण्यासारखं हे की भोंगा लहानांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा नव्हता. मुलाला बटनांचा फोन देऊन आपण जेवताना अंगठा सरकवत बसलो, तर साधा फोन ही त्याला शिक्षाच वाटणार. संध्याकाळचा तासभर तुमचेही फोन त्या किल्ल्यांशेजारी ठेवून बघा.

हे कायमचं नाही, हेही मुलाला सांगून टाका. दहावी झाली की अकरावीचा प्रवेश ऑनलाइन भरायचा असतो, पुढे कॉलेजचे ग्रुप, अर्ज, तिकिटं, सगळं मोठ्या फोनवर. तो द्यावा लागेल आणि देऊ. पण तोवर काम असेल तेव्हाच फोन घ्यायचा आणि काम झालं की ठेवायचा, हे पाच-सहा वर्षं अंगवळणी पडलेलं असेल. तो धडा शिकवायला हजार-बाराशेचा फोन पुरतो, फक्त तो धडा घरातल्या सगळ्यांनी एकत्र गिरवायला हवा.